ताऊलचे चर्च रिकामे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बार्सिलोनाच्या पर्यटनावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेखासोबत तेथील राष्ट्रीय कला संग्रहालयातल्या ख्रिस्ताच्या भित्तिचित्राचे छायाचित्र छापले, याचा आनंद झाला. मात्र हे चित्र ज्या खेड्यातून आले, त्या ताऊलच्या संत क्लेमेंत चर्चची बोळवण ‘आता रिकामी उरलेली वास्तू’ एवढ्या चार शब्दांत व्हावी, हे मनाला पटले नाही.

पिरेनीज पर्वतातील बोई खोऱ्यात सुमारे १५०० मीटर उंचीवर असलेल्या या चर्चचा अभिषेक रोदा-बार्बास्त्रोचे बिशप रामोन यांच्या हस्ते १० डिसेंबर ११२३ रोजी झाला, हे तिथल्याच एका खांबावर रंगाने लिहिलेल्या लॅटिन लेखावरून कळते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच गावातल्या संत मारिया चर्चचाही अभिषेक केला. डोंगरातल्या एका लहानशा गावाने एकाच वेळी अशी दोन चर्च उभारावीत, ही सामान्य गोष्ट नव्हे. बांधणी साधी आहे: गोल, जाड खांबांनी विभागलेली तीन दालने, वर लाकडी छत आणि पूर्वेला, वेदीच्या बाजूस, तीन अर्धवर्तुळाकार गर्भभाग. बाजूचा सहा मजली चौकोनी मनोरा मात्र पाहतच राहावा असा आहे. बारीक खांबांवर तोललेल्या त्याच्या जोडकमानी आणि मजल्यांमधल्या छोट्या बंद कमानींच्या पट्ट्या उत्तर इटलीच्या लोंबार्ड शैलीची साक्ष देतात.

ख्रिस्ताचे चित्र मधल्या गर्भभागाच्या अर्धघुमटावर होते. उजवा हात आशीर्वादासाठी उंचावलेला, डाव्या हातात ‘मी जगाचा प्रकाश आहे’ असे लॅटिन वचन असलेला उघडा ग्रंथ. पुढच्या शतकांत वेदीमागे उभ्या केलेल्या लाकडी चित्रफलकाने ते झाकले गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांच्या नजरेस आले. त्यानंतर कॅटालोनियातल्याच मूर या गावच्या चर्चची चित्रे विकली गेली (पुढे ती अमेरिकेत बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात पोहोचली), तेव्हा सावध झालेल्या बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने १९१९ ते १९२३ या काळात खोऱ्यातील चित्रे इटालियन तंत्रज्ञांकडून उतरवून घेतली. रंगांवर सरसाने कापड चिकटवायचे आणि ते वाळल्यावर रंगाच्या थरासह सोलून काढायचे, अशी ती पद्धत. अजिंठ्यातून कापून नेलेला एक तुकडाही बॉस्टनच्या त्याच संग्रहालयात आहे. त्यामुळे बार्सिलोनाकरांची तेव्हाची धास्ती आपण समजू शकतो. ती चित्रे हलवली नसती, तर कदाचित आज ती स्पेनमध्येही नसती.

संग्रहालयाने अर्धघुमटाची गोलाई लाकडी सांगाड्यावर पुन्हा उभी केली आहे, हे खरेच. पण ताऊलच्या अंधाऱ्या दालनातून वेदीकडे चालत जाताना हळूहळू वर उलगडत जाणारा तो चेहरा तिथे अनुभवता येत नाही, कारण चित्रकाराने तो या दालनाची लांबी आणि उंची जमेस धरून रंगवला होता. ताऊलमध्ये अनेक दशके असलेली प्रतिकृती काढून २०१३ पासून भिंतीवर प्रकाशझोताने मूळ चित्रे साकारली जातात. प्रतिकृतीपेक्षा हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यामुळे भिंतीवर उरलेले मूळ रंगाचे अंशही लोकांना पाहता येतात.

बोई खोऱ्यातील अशा नऊ चर्चना युनेस्कोने २००० साली जागतिक वारशाचा दर्जा दिला आहे. बार्सिलोनाला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या पाहता, पुढच्या लेखात या खोऱ्याला किमान एक स्वतंत्र परिच्छेद द्यावा आणि चित्राखाली ताऊलचे नाव ठळकपणे छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वसई