रविवारच्या चहाआधी

चि. राजा,

अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास त्यानंतर आई माझ्याशी रात्रीपर्यंत बोलली नाही. तू इतक्या हौसेनं सांगत होतास, रविवारी दुपारी लोकांना चहाला बोलावलंय, टेबल आणलंय, कप मोजून ठेवलेत. आणि मी पहिला प्रश्न काय विचारला, तर त्या खोलीची खिडकी नीट उघडते का. ‘बाबा, तुम्हांला दुसरं काही सुचतच नाही का’ म्हणालास ते मला लागलं, पण तुझं चुकलं नाही. म्हणून हे पत्र. खिडकीबद्दल यात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. चहाबद्दल लिहितो.

सहा जण येणार हे ऐकून मला किती बरं वाटलं ते काल सांगायचंच राहिलं. तिकडे गेल्यापासून दीड वर्षात तू आम्हांला एकाही माणसाचं नाव सांगितलं नव्हतंस. आई विचारायची, जेवायला सोबत कोण असतं, आणि तू म्हणायचास, असतं कोणी ना कोणी. ते ‘कोणी ना कोणी’ आम्ही दोघं रात्री अंथरुणावर पडल्यावर बराच वेळ उलटंसुलटं करून बघायचो. आता सहा माणसं, आणि तू स्वतः बोलावलेली. तापात तुला सूप आणून देणाऱ्या त्या बाई येणार असतील तर त्यांना पाठीला टेकायला मिळेल अशी खुर्ची दे.

पहिली गोष्ट वेळेची. तुझ्याकडे साडेचारलाच अंधारतं म्हणालास, मग चारचं बोलावणं नको, तीनचं कर. माणसं उजेडात यावीत आणि गप्पा चालू असताना, त्यांच्यादेखत तू उठून दिवे लावावेस. हिवाळ्यातल्या चहाची सगळी ऊब त्या दहा मिनिटांत असते. बाहेरचं निळं पडत जातं, आतलं पिवळं होत जातं, आणि निघू का म्हणणारा माणूस पुन्हा मागे रेलून बसतो.

दुपारच्या या चहाचं श्रेय इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या डचेस ॲना यांना देतात, साधारण 1840 च्या सुमाराची गोष्ट. दुपारचं खाणं हलकं आणि रात्रीचं जेवण फार उशिरा, मधल्या वेळात त्यांना गळून गेल्यासारखं व्हायचं, म्हणून त्या खोलीत चहा, पाव आणि लोणी मागवायला लागल्या, मग मैत्रिणींना बोलवायला लागल्या. मला ही हकीकत आवडते ती एवढ्यासाठी की सुरुवात थाटामाटानं झाली नव्हती, भुकेनं झाली होती. तू त्याला हाय टी म्हणालास, पण तो वेगळा. तो कामावरून आलेल्या माणसांचा संध्याकाळचा पोटभर खाण्याचा चहा, उंच जेवणाच्या टेबलावरचा. तुझा बुटक्या टेबलाचा, आरामखुर्चीतला. तेव्हा पंचपक्वान्नं मांडायच्या भानगडीत पडू नकोस.

किटली मात्र आधी ऊन पाण्यानं विसळून गरम करून घे. हे टाळू नकोस. थंडीत चिनीमातीची किटली बर्फासारखी असते. उकळतं पाणी तिच्यात पडल्या पडल्या निवतं आणि चहा उतरत नाही. साध्या काळ्या चहाला खळखळ उकळलेलं पाणी, कपामागे एक चमचा पत्ती, म्हणजे दोनेक ग्रॅम, आणि तीन ते पाच मिनिटं झाकून. कडक हवा असेल तर पत्ती वाढव, वेळ वाढवू नकोस. जास्त वेळ ठेवलास की कडवटपणा आणि तुरटपणाच वर येतो. ग्रीन टी पिणारं कोणी असेल तर त्याचं पाणी उकळीवरून उतरवून थोडं थांब, 80 अंशांच्या आसपास येऊ दे. लिटरभराच्या किटलीत पाच कप होतात. तुम्ही सात जण, म्हणजे एका किटलीत भागणार नाही. मोठी आणू नकोस, दोनदा कर. पाच मिनिटं झाली की पत्ती काढून घे किंवा दुसऱ्या गरम किटलीत गाळून घे आणि मगच वर टीकोझी, म्हणजे किटलीचं ते लोकरीचं टोपडं, घाल. आत पत्ती ठेवून झाकलास तर तो आतल्या आत काढा होत राहतो. आईनं विणलेली टीकोझी या पार्सलात आहे, करड्या लोकरीची. तुझ्या शाळेच्या स्वेटरची लोकर आहे ती, उसवून धुऊन ठेवली होती. हे तुला सांगू नका असं तिनं मला म्हटलंय.

संध्याकाळी उशिरा कोणी चहा पीत नसेल तर आग्रह करू नकोस. काळ्या चहाच्या कपात 40-50 मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि त्यातलं निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात. माझ्यासारख्याची रात्र त्यात जाते. अशा माणसासाठी आल्याचं गरम पाणी तयार ठेव, आणि तेही चांगल्या कपात दे, नाहीतर त्याला आपण वेगळे पडलो असं वाटतं.

कोट आणि ओले बूट ठेवायला दाराशी जागा कर. सात माणसं, ओले कोट, दोन किटल्यांची वाफ, एवढ्याशा खोलीत काचांवर दहिवर धरेल. तेव्हा मध्येच कोणाला तरी जरा

नाही. हे असं होतं बघ. हात आपोआप तिकडे जातो.

राजा, लिहूनच टाकतो, नाहीतर सगळं पत्र याच्याभोवती फिरत राहील. त्या घरात भिंतीतली शेकोटी आहे आणि ती तू रविवारी पहिल्यांदा पेटवणार आहेस. शोभा येईल हे खरं. पण ते धुराडं शेवटचं कधी साफ झालंय ते घरमालकांना विचार. दरवर्षी झालं पाहिजे. वरची झडप पूर्ण उघडी आहे ना ते पेटवायच्या आधी बघ आणि निखारे पार विझून राख गार होईपर्यंत ती बंद करू नकोस. ऊब आत राहील म्हणून लोक निजताना झडप लावून टाकतात, तेच घातक. लाकूड वाळलेलं घे. धूर खोलीत येतोय असं वाटलं तर त्या दिवशी शेकोटी नकोच. खिडकी किलकिली ठेवली म्हणजे झालं असंही समजू नकोस, धुराडं तुंबलेलं असेल तर तेवढ्यानं भागत नाही. आणि खोली गरम करायला गॅसची शेगडी किंवा ओव्हन कधीही नाही, कितीही गारठा असला तरी. विजेच्या हीटरचं मला काही वाटत नाही. जिथं काही जळतं तिथंच तो वायू होतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. सगळ्यांनाच एकदम डोकं धरायला लागलं तर थकव्याचं निमित्त शोधायचं नाही, उठायचं, बाहेर जायचं, मग बोलायचं.

परत भाषण झालं. माफ कर. तू एकतीस वर्षांचा आहेस, तुला झडप कळते. पण मला हे नुसतं वाचून माहीत नाही. ते तुला कधी सांगितलं नाही, ते आज सांगतो.

माईची उत्तरेकडची खोली आठवते ना? त्या खोलीची खिडकी भर थंडीतही उघडी असायची आणि आपण तिथे स्वेटर घालून चहा प्यायचो. तू कुरकुरायचास, सगळ्यांच्या घरी दारं लावून बसतात, आपल्याकडेच हे काय म्हणून. त्याआधी ती खिडकी घट्ट बंद असायची. बंद मी केली होती.

तू साडेतीन वर्षांचा होतास. माईची कंबर धरली होती आणि तिला गारठा सोसत नव्हता. मी सकाळी वर्तमानपत्राच्या पट्ट्या केल्या, दुमडल्या आणि सुरीच्या टोकानं खिडकीच्या फटींत एकेक ठासून बसवल्या. खालच्या कोपऱ्यात लाकूड फुगलं होतं, तिथे चिंधी लावली. दाराखाली पायपुसणं गुंडाळून ठेवलं. हात लावून बघितलं, कुठूनही वारा येत नव्हता. माई म्हणाली, माझ्या पोरानं खोलीचं घर केलं. मला इतकं छान वाटलं त्या दिवशी.

दुपारी सगळे तिथेच जमलो. कोळशाची शेगडी मध्ये, लालभडक निखारे, धुराचं नाव नाही. धूर नाही म्हणजे काळजी नाही असंच आम्हांला वाटायचं. अक्का होती, आई होती, तू तिच्या मांडीवर हातात बिस्किट घेऊन. पहिला चहा झाला. माई म्हणाली, डोकं जड झालंय. अक्का म्हणाली, माझंही, चहाला उशीर झाला ना आज. म्हणून आम्ही दुसऱ्यांदा चहा केला. त्याच शेगडीवर, वर आणखी चार कोळसे घालून.

तू झोपलास. आई म्हणाली, दमलाय. तुझ्या हातातलं बिस्किट बशीत पडलं, त्याचा ‘टक्’ असा आवाज झाला, आणि कोणी हललं नाही. मला तो आवाज ऐकू आला होता. उचलावं असंही वाटलं होतं. पाय उठेनात.

काका उशिरा आला म्हणून आपण आहोत. तो बाहेरच्या हवेतून आला होता, त्याला आमचे चेहरे दिसले. दार सताड उघडून त्यानं आधी तुला उचललं आणि अंगणात नेलं. बाहेर तू ओकलास आणि मग रडलास. तू रडलास तेव्हा मी उंबऱ्यावर बसलो होतो, मला उभं राहता येत नव्हतं.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की तो वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. आणि लहान मूल भराभर श्वास घेतं म्हणून त्याला आधी बाधतं. मग त्यांनी विचारलं, एवढी बंद खोली केली कोणी? मी तोंड उघडायच्या आत माई म्हणाली, मीच सांगितलं होतं. तिनं सांगितलं नव्हतं. मी गप्प बसलो. ती गेली तोवर आम्ही दोघांनी त्यावर एक शब्द काढला नाही. घरी आल्यावर मी त्या पट्ट्या एकेक करून उपसून काढल्या, एवढंच.

आता तुला कळलं असेल, काल मी पहिलं तेच का विचारलं. तुझ्या आनंदावर पाणी घालायचं नव्हतं रे. ‘लोकांना चहाला बोलावलंय, थंडी आहे, शेकोटी पेटवणार आहे’ हे तू एका दमात म्हणालास आणि मला ते बिस्किट ऐकू आलं.

पार्सलात टीकोझीखाली एक अलार्म आहे, कार्बन मोनॉक्साइडचा. घरमालकांनी एक लावलेला असेल तरी हाही लाव. निजायच्या खोलीबाहेर, झोपेत ऐकू येईल असा. महिन्यातून एकदा बटण दाबून बघायचं. आतला सेन्सर काही वर्षांत संपतो, मुदत मागच्या बाजूला छापलेली आहे.

खाण्याचं फार मनावर घेऊ नकोस. काकडीचं सँडविच करणार असशील तर चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटं ठेव, पाणी टिपून घे आणि पावाला कडेपर्यंत लोणी लाव, म्हणजे पाव भिजत नाही. करून झाली की ओलसर फडक्याखाली ठेव. एखादा केक विकतचा असला तरी कोणी विचारत नाही. स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे ते छोटे गोल पाव, केलेस तर त्याच दिवशी कर आणि पीठ मळत बसू नकोस, नुसतं गोळा कर. सगळं आधी मांडून ठेव. यजमान सारखा स्वयंपाकघरात गेला की पाहुण्यांना आपण त्रास देतोय असं वाटायला लागतं. माई कधी उठायची नाही. किटली तिच्या उजव्या हाताशी असायची, आणि ज्याचा कप रिकामा तो तिला न बघता कळायचा. तुझ्यात ते आहे. तू लहान असताना आलेल्या प्रत्येकाला विचारायचास, तुम्हांला बशी हवी का.

टीकोझीचं किटलीच्या चोचीकडचं भोक जरा मोठं झालंय. आई म्हणत होती, तिथून वाफ जाईल, उसवून परत विणते. मी म्हटलं, राहू दे तसंच.

रविवारी सगळे गेले की कप तसेच ठेव आणि आधी आम्हांला फोन कर. कोण काय बोललं, कोणी दुसऱ्यांदा चहा घेतला, सगळं आईला ऐकायचंय. मीही शेजारी बसलेला असेन, मध्ये बोलणार नाही.

तुझे,
बाबा

ता. क. अलार्मच्या बॅटऱ्या वेगळ्या पाकिटात, लोकरीच्या आत गुंडाळल्या आहेत. शनिवारीच घाल.