लॅपटॉप सुरू करण्याआधी फायली बाहेर काढ

पुणे,
दि. 14 जुलै 2025

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप काल रात्री वाचला. बटण दाबल्यावर दिवा लागतो, पंखा फिरतो, कंपनीचे बोधचिन्ह उमटते, त्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ बराच वेळ फिरते आणि मग निळ्या पडद्यावर ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ची पाटी येऊन सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हे तू इतके नेमके लिहिले आहेस की माझे अर्धे काम तिथेच झाले. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल, आणि पुतण्या म्हणतो चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचाच प्रोग्रॅम, चालवून बघू. माझे ऐकणार असशील तर दोघांनाही थांबव. लॅपटॉप सुरू करणे आणि त्यातल्या फायली वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि तुझ्या बाबतीत दुसरे काम आधी व्हायला हवे. प्रबंधाची प्रकरणे मार्गदर्शकांच्या ईमेलमध्ये सापडतील. दशावतारी कलावंतांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती मात्र पुन्हा मिळणार नाहीत, त्यांतले काही जण आता राहिलेलेही नाहीत.

बोधचिन्ह उमटते याचा अर्थ वीजपुरवठा, मदरबोर्ड, रॅम आणि पडदा निदान कामापुरते ठीक आहेत. त्यामुळे दुसरा चार्जर लावून बघणे किंवा रॅम काढून पुसून बसवणे हे उपाय तुझ्यासाठी नाहीत. ज्या यंत्राचा दिवाच लागत नाही किंवा पडदा काळाच राहतो त्याच्यासाठी ते आहेत. तुझा बिघाड एक तर विंडोजच्या स्वतःच्या फायलींत असेल, नाही तर डिस्कमध्ये. पहिली शक्यता खरी असेल तर घाबरण्यासारखे काहीच नाही. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक असेच निळ्या पडद्यावर अडकले होते. विमानतळांवर रांगा लागल्या, पण त्या संगणकांतल्या लोकांच्या फायली जागच्या जागी होत्या.

दुसऱ्या शक्यतेसाठी आधी कानांचा उपयोग कर. तुझ्या लॅपटॉपात फिरत्या तबकडीची हार्डडिस्क आहे. खोलीतला पंखा बंद करून, लॅपटॉप सुरू करून कान जवळ ने. मंद, एकसारखी घरघर असेल तर पुढे जाऊ. ठराविक अंतराने टक-टक आवाज येत असेल तर बटण दाबून लगेच बंद कर आणि पुन्हा सुरूच करू नकोस. तसा आवाज बहुधा वाचनशीर्षाला आपली जागा सापडत नसल्याची खूण असतो, आणि शीर्ष तबकडीवर घासले तर प्रत्येक फेऱ्याला माहितीचा थर खरवडला जातो. अशी डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेतच उघडावी लागते. ते काम महाग आहे. डिस्क रात्रभर फ्रीजमध्ये ठेवण्याचा जो उपाय लोक सांगतात तो अजिबात करू नकोस, आतल्या दमटपणाने उरलेसुरलेही जाते.

आवाज ठीक असेल तर शेजारच्या चालू संगणकावर 16 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावून, रूफस नावाच्या मोफत प्रोग्रॅमने त्यावर उबंटू ही विंडोजऐवजी संगणक चालवणारी मोफत प्रणाली चढव. मग तो पेनड्राइव्ह तुझ्या लॅपटॉपला लावून सुरू करतानाच बूट मेनूची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचे ते विचारणाऱ्या यादीची, कळ दाब. डेल आणि लेनोवोमध्ये ती बहुधा एफ12 असते, एचपीमध्ये एफ9. पुढे ‘ट्राय उबंटू’ हाच पर्याय निवड. ‘इन्स्टॉल’ला चुकूनही हात लावू नकोस, कारण तिथे डिस्क पुसली जाऊ शकते. उबंटू पेनड्राइव्हवरूनच चालते, त्यामुळे विंडोज मोडलेले असले तरी तुझ्या फायलींचे फोल्डर उघडतात. विंडोज नीट बंद झाले नसेल तर उबंटू बहुधा त्या डिस्कवर लिहू देत नाही. आपल्याला नुसते वाचायचे आहे, तेव्हा ती अडचण सोयीचीच म्हणायची. बाहेरची हार्डडिस्क लाव आणि पहिल्यांदा फक्त मुलाखतींचे फोल्डर उतरवून घे. गाणी, सिनेमे, लग्नाचे व्हिडिओ नंतर.

फोल्डर उघडण्याऐवजी पासवर्ड किंवा किल्ली मागितली गेली तर डिस्कवर बिटलॉकरचे, म्हणजे सगळी माहिती सांकेतिक करून ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचे, कुलूप आहे असे समज. तुझ्या जुन्या लॅपटॉपवर ते नसावे, पण नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की पुष्कळदा मालकाला कळण्याआधीच ते लागलेले असते. त्याची किल्ली 48 अंकी असते आणि बहुधा त्याच खात्यात साठवलेली सापडते. किल्ली नसेल तर कोणीही मायेचा पूत त्या फायली वाचू शकत नाही. दुकानदार ‘काढून देतो’ म्हणाला तरी विश्वास ठेवू नकोस.

नक्कल करताना वेग रखडू लागला, किंवा एखाद्या फायलीशी सारखे अडखळायला झाले, तर फायली एकेक उपसणे सोडून दे. पाने सुटू लागलेली पोथी जशी पुन्हा पुन्हा चाळायची नसते, तशीच मरू घातलेली डिस्क. तिची एकदाच संपूर्ण प्रतिमा, म्हणजे सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, दुसऱ्या डिस्कवर काढायची आणि पुढचे सगळे उद्योग त्या प्रतिमेवर करायचे. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम हे फार शहाणपणाने करतो: सहज वाचता येणारे भाग आधी उचलतो, खराब जागा नोंदवून पुढे जातो आणि शेवटी त्यांच्याकडे परततो. मध्ये वीज गेली, आणि कुडाळात ती पावसाळ्यात जाणारच, तरी नोंदीवरून तो पुढे चालू शकतो. चेकडिस्कला माझा विरोध याचसाठी आहे. ती मूळ डिस्कवरच लिहिते, आणि फाइलव्यवस्था जुळवताना तुझ्या मुलाखतीचे निनावी तुकडे करून ठेवू शकते.

यातूनही काही निसटले तर प्रतिमेवर फोटोरेक नावाचा हरवलेल्या फायली शोधणारा प्रोग्रॅम चालवता येईल. फायलींची नावे न बघता त्यांच्या आतल्या रचनेवरून तो त्या ओळखतो, म्हणून आवाज परत मिळतो, पण नावे आणि फोल्डर मिळत नाहीत. मग कोणती मुलाखत कोणाची, हे तुलाच ऐकून लावावे लागेल. तुझी टिपणवही जपून ठेव.

दुरुस्तीचे सांगायचे तर, फायली बाहेर आल्यावर डिस्क काढून तिथे एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, बसव आणि तीवर नवे विंडोज टाकू दे. ते काम दुकानदार नीट करील. जुनी डिस्क मात्र त्याच्याकडून मागून घे.

आज संध्याकाळी आवाज ऐकून मला फोन कर. घरघर असेल तर डीडीरेस्क्यूच्या आज्ञा तुला शब्दशः लिहून पाठवतो. टक-टक असेल तर डिस्क काढून, स्पंजात नीट गुंडाळून येत्या शनिवारी इकडे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती दे, कुरियरने नको. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
जुना वर्गमित्र