शेवटच्या कपाटातली पुस्तकं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात नव्या पुस्तकांची यादी आली होती. अशी यादी आली की मी ती कापून वाचनालयाच्या फळ्यावर लावते. या वेळीही लावली. आमच्या एक सभासद, निवृत्त शिक्षिका, चष्मा वर करून ती शेवटपर्यंत वाचत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, खरं घडलेलं काहीच आलं नाही का हो या वर्षात?" मी मोजलं. वीस नावांत सतरा कथा, कादंबऱ्या आणि कविता. त्यांचा प्रश्न माझ्या मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

मी पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात 'क' वर्गाच्या वाचनालयाची ग्रंथपाल आहे. या कामाला तेवीस वर्षं झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या वाचनालयात ते छातीएवढं होतं. रोज लागतात म्हणून कादंबऱ्या पुढच्या कपाटांत, वरच्या खणांत होत्या. त्या बऱ्याचशा बचावल्या. विषयाला आकडे देऊन पुस्तकं लावायच्या दशांश वर्गीकरणात चरित्रं ९२० वर येतात, इतिहास त्याच्या पुढे. म्हणजे ही पुस्तकं सगळ्यांत शेवटच्या कपाटात, आणि आमचं शेवटचं कपाट खिडकीखाली. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर पुस्तकं फुगून खणात अशी आवळून बसली होती की ओढली तर पुठ्ठा हातात यायचा आणि पानं आतच राहायची. आठ दिवस आम्ही शाळेच्या व्हरांड्यात पानं सुकवली. चरित्रांतलं एकही पुस्तक हाती लागलं नाही.

तेव्हापासून ते कपाट मी नव्याने भरतेय. आमचं अनुदान तुटपुंजं. त्यात स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचा तगादा मोठा, आणि मुलांना नाही तरी कसं म्हणायचं? त्यामुळे वर्षाला चरित्र, इतिहास, शेती, आरोग्य, स्वयंपाक या सगळ्यांसाठी मिळून पंधरा-वीस पुस्तकांची सोय होते. एक पुस्तक चुकलं तर वर्षभर डोळ्यांसमोर पडून राहतं. पूर्वी एका पुरवठादाराच्या गठ्ठ्यातून येईल ते घ्यायचो. त्यात एकाच माणसाची तीन चरित्रं निघाली. तिन्हींत परिच्छेदच्या परिच्छेद तेच, जन्मसाल मात्र दोन वेगळी. तेव्हापासून मी प्रत्येक पुस्तक हातात घेऊन, मागची पानं आधी उघडून बघते. नावांची सूची आहे का, नकाशा आहे का, अनुवाद असेल तर मूळ पुस्तक कोणत्या साली आलं ते छापलंय का. जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्याला ९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. मी दोन दिवस एसटीने जाऊन-येऊन केलं ते भाषणांसाठी नव्हे, पुस्तकांची मागची पानं एकाच ठिकाणी बघायला मिळतात म्हणून.

या सहा वर्षांत आमच्याकडे सगळ्यांत जास्त बोललं गेलेलं पुस्तक म्हणजे पत्रकार पी. साईनाथांचं 'द लास्ट हीरोज'. २०२२ च्या शेवटी ते इंग्रजीत आलं, पुढे त्याचा मराठी अनुवादही झाला. स्वातंत्र्यलढ्यात राबलेल्या, पण ज्यांचे पुतळे झाले नाहीत अशा माणसांवर ते आहे. त्यात कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड आहेत. ७ जून १९४३ ला शेणोलीला तुफान सेनेने, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाने, सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवली, त्या तुकडीच्या नेत्यांपैकी ते एक. आपण लूट केली असं म्हटलेलं त्यांना चालत नसे. इंग्रजांनी लोकांचा नेलेला पैसा परत आणला, असं ते सांगत. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताईही त्यात आहेत. हौसाताई सप्टेंबर २०२१ मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ फेब्रुवारी २०२२ मध्ये. छापील पुस्तक दोघांनीही पाहिलं नाही, याची मला फार हळहळ वाटते.

कुंडल आमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर. तरी ते पुस्तक आमच्याकडे यायला वर्षाच्या वर लागलं, आणि आली ती इंग्रजी प्रत. आमचे एक सभासद आहेत, ऐंशी ओलांडलेले, वडील तुफान सेनेत होते. त्यांना इंग्रजी येत नाही आणि डोळेही साथ देत नाहीत. त्यांची बारावीतली नात रोज संध्याकाळी वाचनालयाच्या कट्ट्यावर बसून एकेक वाक्य मराठीत सांगायची. शेणोली आली तशी त्यांनी तिला थांबवलं. "गाडी कुठनं येत हुती ते लिवलंय का त्यात?" तिने शोधून सांगितलं, पुणे-मिरज गाडी. "मंजी कराडकडनं. बराबर हाय. वाच फुडं."

हौसाताईंचं पान कट्ट्यावर दोनदा वाचलं गेलं. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी आणि त्यांचा नवरा बनलेल्या एका साथीदाराने भांडणाचं सोंग केलं, त्याने त्यांना मारलं, पोलीस सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्या साथीदारांनी आतली हत्यारं पळवली. भवानीनगर म्हणजे आमच्या किर्लोस्करवाडीच्याच रेल्वेमार्गावरचं स्टेशन. पाणी भरायला निघालेल्या दोघी घागरी खाली ठेवून ऐकत होत्या. त्यातली एक म्हणाली, "सोंग आसंल, पर मार खराच खाल्ला आसंल बाईनं." हा अभिप्राय मला कुठल्याही परीक्षणात वाचायला मिळाला नव्हता.

शरद बाविस्करांचं 'भुरा' (२०२१) सांगायचं तर एवढंच सांगते की आमच्या दोन्ही प्रती कधी जागेवर नसतात. दहावीला इंग्रजीत नापास झालेला धुळ्याकडचा मुलगा पुढे दिल्लीच्या जेएनयूत फ्रेंच शिकवतो, हे त्याने स्वतःच लिहिलंय. पलूसच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारा एक मुलगा ते तिसऱ्यांदा घेऊन गेलाय. शिराळा तालुक्यातल्या कोकरूडच्या विश्वास नांगरे पाटलांचं 'मन में है विश्वास' येऊन आता बरीच वर्षं झाली, पण तेही अजून फिरतं आहे.

आता स्वयंपाकाची पुस्तकं. त्यांच्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण परीक्षणाच्या पानावर मी ती क्वचितच पाहिलीत, आणि आमच्या देवघेव वहीत मात्र त्यांचे आकडे वरचे असतात. महापुरात ६४१.५ चा, म्हणजे स्वयंपाकाचा खणही गेला. राहिली एकच प्रत, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. नवं लग्न झालेली एक मुलगी ती घेऊन विट्याला माहेरी गेली होती, म्हणून राहिली. हळदीचे डाग, तेलाने पारदर्शक झालेली पानं, चकलीच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने केलेल्या खुणा. कमलाबाई आमच्या सांगलीच्या. हे पुस्तक १९७० चं. त्यात मापं वाटी-चमच्याची आहेत, आणि पन्नास वर्षांनंतरही ते नवख्या मुलीच्या हाती देता येतं ते त्यामुळेच. नव्या पुस्तकांची पारख मी अजून त्याच्याशीच लावून करते.

नवी पुस्तकं दिसायला सुरेख असतात. गुळगुळीत जाड कागद, पानभर फोटो. पण जाड कागदाचं पुस्तक ओट्यावर उघडं राहत नाही. बायका त्यावर वरवंटा ठेवतात आणि सहा महिन्यांत शिवण सुटते. पाककृतीचं पुस्तक हाती आलं की मी आधी भाकरीचं पान काढते. पीठ जुनं होऊन त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल तर आधणाचं पाणी घ्यावं, हे तिथे असेल तर लिहिणाऱ्याने स्वतः भाकरी थापलीय असं समजते. नसेल तर ते पुस्तक परत ठेवते. दुसरं पान हुलग्याच्या माडग्याचं, म्हणजे कुळथाच्या पिठाच्या पातळ पेजेचं. ते बहुतेक पुस्तकांत नसतंच. आटपाडी, जत, माण, खटाव या भागात ज्याच्यावर पिढ्यान्पिढ्या हिवाळे निघाले, तो पदार्थ 'महाराष्ट्रीय पाककृती' म्हणवणाऱ्या पुस्तकात नसावा, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

म्हणून शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मला मोलाचं वाटतं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या खाण्यावरचं हे पुस्तक. त्यात कृती आहेत, आठवणी आहेत, आणि कुणाचं अन्न सात्त्विक ठरलं, कुणाचं तामस, ते कुणी ठरवलं, याचा हिशेबही आहे. मराठीत ते २०१५ साली आलं. २०२४ मध्ये इंग्रजीत गेल्यावर शहरात शिकणारी आमच्या गावची मुलं फोन करून विचारायला लागली, "बाई, आपल्याकडे आहे का?" नव्हतं. नऊ वर्षं मराठीत असलेल्या पुस्तकाचं नाव मला इंग्रजीवरून कळलं. ग्रंथपाल म्हणून ही चूक माझी आहे, पण मराठी वृत्तपत्रांनीही यावर थोडा विचार करावा.

ते पुस्तक आल्यावर आमच्या एका सभासद बाईंनी नेलं. चार दिवसांनी काही न बोलता परत ठेवलं. पुढच्या आठवड्यात आल्या तेव्हा हातात वहीचा फाडलेला कागद होता. पुस्तकात चान्यांचं, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांचं वर्णन आहे. त्यांची आई त्या कशा वाळवायची, दोरीवर किती दिवस, कावळ्यांपासून राखायला कोण बसायचं, भिजवायच्या किती वेळ आधी, हे त्यांनी लिहून आणलं होतं. म्हणाल्या, "हे कुणाला सांगायचं नसतं असं आईनं शिकवलं होतं. आता पुस्तकातच आलंय तर लिहिलं."

संपादक महाशय, माझी मागणी साधी आहे. पुरवणीत दर रविवारी एक कोपरा या पुस्तकांना द्या, चरित्र असो, शेतीचं असो की स्वयंपाकाचं. त्यात किंमत, पानं, सूची आहे की नाही, आणि अक्षर म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येईल एवढं आहे का, हे छापा. आमच्यासारखी वाचनालयं त्यावरून खरेदी ठरवतील. आणि परीक्षण लिहायला त्या विषयातलं माणूस बसवा. पाककृतीच्या पुस्तकावर लिहिणाऱ्याने त्यातले दोन पदार्थ चुलीवर किंवा गॅसवर करून बघितलेले असावेत, आणि कसे झाले ते लिहावं. द्राक्षबागेवरचं पुस्तक असेल तर तासगावच्या बागायतदाराला द्या. आमच्या भागातल्या माणसाचं चरित्र असेल तर ते आमच्या कट्ट्यावर पाठवा, गाडी कुठून आली हे तपासणारे अजून आहेत. पण ते ऐंशीच्या पुढचे आहेत, म्हणून ही विनंती घाईची आहे.

त्या बाईंचा कागद मी टाकला नाही. दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर तो डकवला आणि वही टेबलावर ठेवली. आता तिच्यात एकतीस पदार्थ आहेत. ताकातल्या कण्या, शेंगोळे, अंबाडीची भाजी, बाळंतिणीचा अळीव. दाखल नोंदवहीत मी तिला क्रमांक दिलाय, वर्ग ६४१.५, किमतीच्या रकान्यात 'भेट'. हुलग्याच्या माडग्याला लसूण किती आणि गूळ घालायचा की नाही, यावर तिघींनी तीन प्रकारे लिहिलंय. तिन्ही पानं ठेवलीत.

आपली,
एक ग्रंथपाल
ता. पलूस, जि. सांगली