‘चाललंय’ या उत्तराऐवजी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, “पदवीचं कुठवर आलं?” आणि मी “चाललंय” एवढेच बोलून विषय बदलला. फोन ठेवल्यावर माझा मलाच राग आला, कारण सहा वर्षांपूर्वी शिक्षण अर्धवट सोडले तेव्हाही मी महिनोन्‌महिने हाच शब्द वापरत होते आणि त्याच्याआड प्रत्यक्षात काहीच चालत नव्हते, हे तुम्हांला फार उशिरा कळले. ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून हे पत्र.

सध्या संख्याशास्त्राचे दोन विषय आणि प्रकल्पाचा अहवाल बाकी आहे. एका विषयाची तयारी बरी आहे, दुसऱ्याची नाही, आणि अहवालाची पाचपैकी तीन प्रकरणे लिहून झाली आहेत.

सहा वर्षांपूर्वी मला अभ्यास झेपला नाही असे बाबांना वाटते आणि आई अजूनही माझ्या तब्येतीला दोष देते. खरे कारण त्याहून साधे होते. हुरूप येईल तेव्हा बसू, असे मी ठरवून टाकले होते. पहिल्या वर्षी नवेपणाच्या भरात हुरूप आपोआप येतो आणि शेवट दिसू लागला की पुन्हा येतो. मधल्या वर्षांत मात्र आरंभाचे कौतुक संपलेले असते आणि शेवट नजरेच्या टप्प्यात नसतो. त्या सपाट रस्त्यावर मी वाट बघत बसले. चार रंगांच्या पेनांनी वेळापत्रके तेवढी सुरेख आखली.

या खेपेला नियम एकच ठेवला आहे: रात्रीची आवराआवर झाली, ओट्यावरचा दिवा मालवला, की त्याच पावली टेबलाशी बसायचे. इच्छा आहे की नाही, हे स्वतःला विचारायचे नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी अशा ‘अमुक झाले की तमुक करायचे’ या स्वरूपाच्या संकल्पांवर १९९९ साली विस्ताराने लिहिले आहे; नुसत्या ‘नीट अभ्यास करीन’ या निश्चयापेक्षा वेळ आणि जागा बांधून दिलेला संकल्प अधिक वेळा पार पडतो, असे त्यांचे म्हणणे. माझ्यापुरते ते खरे ठरले. पहिली दहा मिनिटे बहुधा कंटाळवाणी जातात, आणि हुरूप आलाच तर तो त्यानंतर येतो. मोबाईल मी आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवते. मधल्या अकरा पावलांचा आळस माझ्या मनोनिग्रहापेक्षा कितीतरी भरवशाचा निघाला.

अभ्यासाच्या रीतीबद्दल मात्र मला स्वतःची लाज वाटली. एक प्रकरण मी तीनदा वाचले होते आणि जवळजवळ प्रत्येक ओळ पिवळ्या शाईने रंगवली होती. एका रात्री पुस्तक मिटले, कोरा कागद घेतला आणि आठवेल ते लिहायला लागले. साडेचार ओळी आल्या. पाचवी अर्ध्यावरच अडकली आणि पेन तिथेच टेकून राहिल्याने कागदावर शाईचा ठिपका पसरला. वाचताना सारे ओळखीचे वाटत होते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ साली हेच दाखवले होते: उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत, मधल्या काळात न बघता लिहून पाहिलेले विद्यार्थी पुढे होते. आता रोज आधी कोरा कागद, मग पुस्तक.

बाबा, अहवाल दोन महिन्यांत होईल असे मी तुम्हांला सांगितले होते. चौथा महिना चालू आहे. कॅनडातील संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना तो कधी पुरा होईल असे विचारले होते. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, सगळे बिनसले तर सुमारे ४९ दिवस, आणि प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. हे वाचून मला विलक्षण बरे वाटले. (ते बरे वाटणेही धोक्याचेच.) म्हणून आता तारीख सांगण्याऐवजी आठवड्याला किती पाने झाली ते मोजते.

मध्यंतरी कार्यालयातल्या कामामुळे तीन आठवडे एक ओळही झाली नाही. पूर्वीची मी बुडालेले सगळे भरून काढायला रोज दुप्पट अभ्यास ठरवला असता आणि चौथ्या दिवशी सोडून दिला असता. या वेळी एकच परिच्छेद लिहिला आणि झोपले.

आई, तू म्हणालीस की इतका पैसा आणि इतकी वर्षे घातलीस, आता सोडू नकोस. तुझे चुकत नाही, पण रात्री नऊ वाजता, डोळे मिटत असताना, गेलेली वर्षे आठवली की हात आणखी जड होतो. मला टेबलाशी नेणारी गोष्ट निराळीच आहे. प्रकल्पासाठी मी ग्रंथालयाच्या खिडकीशी उभी राहून माणसे किती वेळ रांगेत थांबतात ते वहीत टिपत होते. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम सांगतो की, मिनिटाला सरासरी दोन माणसे येत असतील आणि प्रत्येकाला सरासरी चार मिनिटे थांबावे लागत असेल, तर रांगेत सरासरी आठ माणसे असतात. माझ्या वहीतल्या वेड्यावाकड्या आकड्यांतून तोच नियम बाहेर आला, तेव्हा मी खिडकीपाशीच एकटी हसले. पदवी अर्धवट टाकली तेव्हा असे काही हाती लागलेच नव्हते.

तेव्हा एक विनंती आहे. “कधी संपणार?” असे न विचारता “या आठवड्यात काय लिहिलंस?” असे विचारा, आणि मी “चाललंय” म्हटले तर तेवढ्यावर सोडू नका.

तिसऱ्या प्रकरणाची प्रत सोबत पाठवत आहे. बाबांनी पेन्सिलीने खुणा कराव्यात. चौदाव्या पानावरचे लांब वाक्य मला अजून जमलेले नाही. आई, ते तू मोठ्याने वाचून बघ आणि कुठे अडखळतेस ते रविवारी सांग.

तुमची,
धाकटी