काकू, सुट्टीसाठी बेट निवडून दिलंत त्याबद्दल

ती. काकू,
सा. न.

फोनवर तुमचे आभार मानले, पण माझं समाधान झालं नाही. शिवाय टोरांटोतल्या ओळखीच्या जोडप्यांकडून विचारणा सुरू झाली आहे, की कॅरिबियनमध्ये एवढी बेटं असताना ग्रेनाडा कसं काय सुचलं? सुचलं ते तुम्हाला. म्हणून हे पत्र उघडंच लिहिते आहे, त्यांनाही वाचता येईल असं.

आम्हा दोघांना निवांत पोहता येईल असा समुद्र हवा होता आणि रोज काहीतरी नवं चवीने खायला हवं होतं. फोटो बघून हे ठरत नाही. फोटोत सगळीच बेटं निळी-पांढरी दिसतात. तुम्ही ग्रेनाडाच्या मेडिकल कॉलेजात शिकवत असताना आजूबाजूची बेटं पालथी घातली होतीत. तुम्ही एकही फोटो दाखवला नाहीत, नकाशा पुढ्यात घेतलात आणि म्हणालात, "आधी बेट कशाचं बनलंय ते बघ. ताटात काय येणार ते त्यावर ठरतं."

इतक्या ठिकाणी चौकशी केली, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. अँग्विला किंवा टर्क्स अँड केकॉस ही चुनखडीची सपाट बेटं. वाळू पांढरीशुभ्र, पाणी नितळ, पण ढग अडवायला डोंगर नाहीत, पाऊस बेताचा, माती पातळ. त्यामुळे खाण्याच्या बहुतेक वस्तू बाहेरून बोटीने येतात. अरुबा वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला, म्हणून बरंचसं निर्धास्त, पण कोरडं, निवडुंगांचं. याउलट सेंट लुशिया, डॉमिनिका, ग्रेनाडा ही ज्वालामुखीतून वर आलेली डोंगराळ बेटं. तिथे पाऊस पडतो, माती कसदार असते, परसात काहीही रुजतं. डॉमिनिकात पिकतं उदंड, पण पांढऱ्या वाळूचे किनारे फारसे नाहीत. ग्रेनाडात मात्र नैऋत्येला ग्रँड आन्सचा सुमारे 3 किलोमीटरचा पांढरा किनारा आहे आणि तिथून गाडीने थोडं वर चढलं की जायफळ, दालचिनी आणि कोकोच्या बागा.

बाकीच्या बेटांना तुम्ही नावं ठेवली नाहीत, हेही मला फार आवडलं. बार्बाडोसला ऑइस्टिन्समध्ये शुक्रवारी रात्री भाजलेले मासे खायला जावं, मक्याच्या पिठात भेंडी घालून केलेलं कूकू आणि उडणारे मासे खावेत, पण खिसा जड असावा, असं म्हणालात. त्रिनिदादच्या डबल्सबद्दल, म्हणजे मऊ पुऱ्यांत घातलेल्या छोल्यांबद्दल, तर तुम्ही इतकं रंगून बोललात की मी जवळजवळ तिकडेच वळले होते. पण खाणं त्रिनिदादला आणि समुद्र टोबॅगोला, सुट्टी थोडी असेल तर ये-जा करण्यातच संपते, हा तुमचा मुद्दा पटला.

मग आला बेटाची कुठली बाजू हा प्रश्न. वारे पूर्वेकडून येतात, म्हणून यातल्या बहुतेक बेटांची पूर्वेची, अटलांटिकची बाजू खवळलेली असते. सारगॅसमचं तपकिरी शेवाळ वाहून येतं तेही मुख्यतः त्याच बाजूला. पोहायचं तर पश्चिम किंवा नैऋत्य किनारा. हॉटेल बुक करण्याआधी नकाशावर एवढं बघितलं तरी कितीतरी जणांची सुट्टी वाचेल. महिन्याच्या बाबतीतही तुम्ही आडपडदा ठेवला नाहीत. ग्रेनाडा दक्षिणेला असलं तरी वादळं त्याला चुकत नाहीत. 7 सप्टेंबर 2004 ला इव्हानने बेटावरच्या बहुतेक घरांची छपरं नेली आणि जायफळाच्या बागा आडव्या केल्या. 1 जुलै 2024 ला बेरिलने शेजारचं करियाकू बेट उद्ध्वस्त केलं. म्हणून जानेवारी ते मे हाच काळ, असं तुम्ही बजावलंत. आम्ही फेब्रुवारीत गेलो.

आणि ते ऑल-इन्क्लुझिव्ह! हाताला पट्टा बांधून तिन्ही त्रिकाळ एकाच बुफेत जेवायचं, हे तुम्ही आम्हाला करू दिलं नाहीत. "स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, ग्रँड आन्सला चालत जाता येईल अशी, आणि शनिवारी सकाळी सेंट जॉर्जेसच्या बाजारात जा." तसंच केलं. 1 नंबरची मिनीबस धरायची, उतरायचं असलं की गाडीच्या पत्र्यावर टकटक करायची. बाजारात जायपत्रीचे लालभडक पुडे, तमालपत्रं, ओली हळद, हिरवी केळी. मी गुहागरची. नारळाच्या सावलीत लावलेलं जायफळ मला नवं नाही, तरी झाडावरच उकललेल्या फळातून ती लाल जाळी डोकावताना पाहिली आणि तिथेच उभी राहिले. बागेतल्या बाईंनी सांगितलं की इव्हाननंतर लावलेली झाडं फळायला सात-आठ वर्षं गेली. या बेटाच्या झेंड्यावर जायफळ आहे ते का, हे त्यांच्या तोंडून ऐकताना नीट उमगलं.

ऑइल डाउन या तिथल्या एका पातेल्यातल्या जेवणाबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण त्यासाठी तुम्ही जुन्या ओळखीच्या घरी मुद्दाम शब्द टाकलात आणि त्यांनी आम्हाला घरच्यासारखं बसवून घेतलं. अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं. तळाला नीरफणसाच्या जाड फोडी, त्यावर खारवलेलं मांस, मग हिरवी केळी, गाजर, मिरच्या, हाताने वळलेले लांबट पिठाचे गोळे आणि सगळ्यांत वर अळूची पानं. त्यावर ओली हळद घातलेलं नारळाचं दूध ओतलं आणि झाकण घातलं. ढवळायचं नाही! माझा हात दोनदा डावाकडे गेला, दोन्ही वेळा घरच्या आजीने तो धरला. दूध सगळं आटून तळाशी नारळाचं तेल सुटलं की झालं. नीरफणस, अळू, नारळ, हळद, सगळं माझ्या आईच्या स्वयंपाकघरातलं, आणि तरी अशी चव मी आयुष्यात घेतली नव्हती. तळाचा फणस तेल पिऊन इतका मऊ झाला होता की नवऱ्याने, जो फणस म्हटलं की पान सरकवतो, तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

सकाळी कोको टी, दालचिनी आणि जायफळ घालून उकळलेला, वर कोकोची साय आलेली. सोबत बेक, म्हणजे तळलेला पाव, आणि खारा मासा. दुपारी रोटी, आत बटाटा-चिकनची करी. 1857 साली मेडस्टोन जहाजातून आलेल्या भारतीय मजुरांपासून ती रोटी या बेटाची झाली. शुक्रवारी संध्याकाळी गुयाव्हला जा म्हणाला होतात, तेही केलं. हे मासेमारांचं गाव किरानी जेम्सचं. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 400 मीटरचं सुवर्ण जिंकून त्याने देशाला पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं. रस्त्यावर मांडलेल्या टेबलांवर फॉइलमध्ये भाजलेला स्नॅपर आणि लांबी, म्हणजे मोठ्या शंखातलं मांस. ते थोडं चिवट असतं, पण लसूण-लोण्यात मला आवडलं.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. तुमचा जीव ग्रँड आन्सवर, माझा मोर्न रूजवर. टेकडीपलीकडचं ते छोटं वळण, कमरेएवढं पाणी, लाट जवळजवळ नाहीच. ज्यांना पोहणं बेताचं जमतं त्यांनी तिथेच जावं.

काकू, लोक सल्ला देतात तेव्हा बहुधा आपली सहल सांगतात. तुम्ही आम्ही कसे जगतो, काय खातो, कशाला घाबरतो हे विचारलंत, नोकरीच्या धावपळीतून संध्याकाळी वेळ काढून तासन् तास बसलात, जुन्या ओळखीच्या घरी फोन केलात. लग्नानंतर इतकी वर्षं आमची सुट्टी म्हणजे भारतवारी आणि नातेवाइकांची घरं. फक्त दोघांची म्हणून घेतलेली ही पहिली सुट्टी, आणि ती इतकी मनासारखी झाली ती तुमच्यामुळे.

इथल्या वेस्ट इंडियन दुकानात नीरफणस मिळतो, अळू आणि ओली हळद आपल्या दुकानातून आणते. काकांना मांस चालत नाही, म्हणून खारा मासा घालीन. शनिवारी दोघंही जेवायला या. जायपत्री तुमच्या वाटणीची वेगळी ठेवली आहे.

तुमची,
सहाव्या मजल्यावरची

ता. क. करियाकूला बोटीने जायचं राहिलं आहे. तिथे आता राहण्याची सोय कशी आहे, ते तुमच्या ओळखीच्यांना विचाराल का?