धुराड्यामागचे पाणी शोधणाऱ्या मिस्त्रींना

महाबळेश्वर

आदरणीय मिस्त्री यांस,
सा. न. वि. वि.

जुलै सरला आणि मधल्या खोलीच्या तक्तपोशीवर पाण्याचा एकही नवा डाग उमटला नाही. तीन पावसाळे त्या डागाखाली पातेले ठेवून झोपलेल्या माणसाला याचे किती अप्रूप असेल, हे आपण जाणताच. तरीही आपले आभार चारचौघांत आणि लेखी मानावेत, असे मनात आले.

आमच्या जुन्या बंगल्याचे जांभ्याचे धुराडे मंगलोरी कौलांच्या पाख्यातून वर निघते. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या गावात छपराला असे भगदाड ठेवणे ही मुळात साहेबी हौस. आधीच्या कारागिरांनी दर वर्षी धुराडे आणि कौले यांच्या सांध्यावर सिमेंटचा वाटा, म्हणजे उतरती पट्टी, मारली, वर डांबर ओतले आणि डागाच्या बरोबर वरची कौले बदलली. आपण मात्र मे महिन्यात आलात आणि पहिल्या दिवशी एक कौलही हलवले नाहीत. वासे आणि रिपांना खडूची पूड चोळलीत, मला विजेरी देऊन माळ्यावर बसवलेत आणि स्वतः नळी घेऊन वर चढलात. पाणी सर्वांत खालच्या कडेपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने वर न्यायचे, म्हणजे कोणती जागा दगा देते ते निःसंशय कळते, हे मला तेव्हा उमगले. खालची कड कोरडी राहिली, दोन्ही बाजूही कोरड्या राहिल्या. नळी धुराड्याच्या मागे, चढाच्या अंगाला गेली आणि थोड्याच वेळात त्या पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटली. ती रीप धरून चार फूट सरकली आणि नेमकी आमच्या डागावर टपकली.

वाट्यातील भेग जेमतेम नखाएवढी होती. लाकडी छप्पर पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, धुराडे मात्र जागचे हलत नाही; त्या दोघांना सिमेंटने जखडले तर भेग पडणारच, आणि मागे साठलेल्या पाचोळ्यात थबकलेले पाणी तिथूनच आत शिरणार, हे आपण बोटाने दाखवून समजावलेत. डांबराने तर शिरलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाटही बुजवली होती.

म्हणून आपण वाटा फोडून काढलात. खालचा पत्रा छपराला बसवून आणि वरचा शिशाचा पत्रा धुराड्याच्या दगडांमधल्या दरजेत इंचभर खोल खोचून, एकावर एक नुसते पांघरलेत, परस्परांना जोडले नाहीत. मागे पत्र्याचे छोटे दुपाखी छप्पर बसवलेत, त्यामुळे पाणी तिथे न थांबता दोन्हीकडे फुटते. दरजा सिमेंटऐवजी चुन्याने भरल्यात, कारण जांभा पाणी पितो आणि ते परत सोडायला त्याला वाव हवा.

पहिल्या दिवसाची मजुरी मात्र आपण घेतली नाहीत. त्या दिवशी काम कुठे झाले, असे म्हणालात. माझ्या मते खरे काम त्याच दिवशी झाले, आणि ती मजुरी मी आपल्याकरिता बाजूला काढून ठेवली आहे. दिवाळीत घरी येऊन ती देईन, तेव्हा नाही म्हणू नये.

आपण बजावल्याप्रमाणे धुराड्यामागची जांभळीची पाने परवा उघडीप मिळताच काढली. ओंजळभरच निघाली.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
बंगल्याचा रहिवासी