धर्मसंस्थेच्या आरोग्य विद्यापीठात जाण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पुरवणीत परदेशातील आरोग्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची माहिती मध्यंतरी प्रसिद्ध झाली होती. पुढच्याच आठवड्यात कागल तालुक्यातील एक गृहस्थ ते पान घडी करून खिशात घालून माझ्या राजारामपुरीतील दवाखान्यात आले. त्यांच्या मुलीने ख्रिस्ती धर्मसंस्थेने चालवलेल्या एका विद्यापीठात अर्ज केला होता. मी तशाच विद्यापीठात शिकून आले आहे हे त्यांना कोणीतरी सांगितले होते आणि त्यांना एकच गोष्ट विचारायची होती : "मॅडम, तिथं पोरीचा धर्म तर बदलणार नाहीत ना?"

मी निघाले तेव्हा माझ्या वडिलांनीही हेच विचारले होते. लेक सातासमुद्रापार निघाली की बापाच्या मनात हा प्रश्न येणारच आणि त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की चौकशी संपली असे आपण धरून चालतो आणि मुलांचे दोन वर्षांचे आयुष्य ज्या गोष्टींवर अवलंबून असते त्या विचारायच्या राहून जातात. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शाखेत, पोषण हा विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षण घेतले. लॉस एंजेलिसपासून पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर असलेल्या या गावात सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी 1905 साली आरोग्यधाम आणि परिचारिकांची शाळा सुरू केली, पुढे तेथे वैद्यकीय महाविद्यालय झाले आणि 1961 पासून ते विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. हा पंथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा काळ विश्रांतीचा आणि उपासनेचा मानतो. त्या गावात अनेक दशके टपालसुद्धा शनिवारी न वाटता रविवारी वाटले जात असे. दारू आणि तंबाखू पंथाला वर्ज्य आहे, विद्यापीठाच्या आवारातही त्यांना थारा नाही आणि तेथील भोजनगृह शाकाहारी आहे. आठवड्यातून एकदा, बुधवारी, सामूहिक उपासना असते. शिवाय शाखा कोणतीही असो, अभ्यासक्रमात धर्म किंवा नीतिशास्त्र या विषयाचा अंतर्भाव असतो.

यातील काहीही विद्यापीठाने लपवलेले नव्हते, सारे त्याच्या नियमपुस्तिकेत छापलेले होते. मी ज्या सल्लागाराकडून अर्ज भरला त्यांनी मला ती पुस्तिका दाखवली नाही आणि मीही मागितली नाही. धर्मविषयक अभ्यासाचेही युनिट मोजले जातात आणि त्यांचेही शुल्क भरावे लागते हे मला तेथे पोहोचल्यावर कळले. बँकेच्या शिक्षणकर्जावर गेलेल्या मुलीला एका जादा विषयाचे शुल्क म्हणजे काय असते, हे ज्यांनी असे कर्ज काढले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. शुक्रवारी दुपारी ग्रंथालय बंद होई आणि शनिवारचा सूर्यास्त होईपर्यंत तरी उघडत नसे. सोमवारी परीक्षा आहे, पुस्तक आत आहे आणि मी बाहेर आहे, असे पहिल्या सत्रात दोनदा झाले. तेव्हा मी फार चिडले होते. पुढे गुरुवारीच पुस्तके आणून ठेवण्याची सवय लागली. ज्या दिवशी कोणीही प्राध्यापक काम मागत नाही आणि कोणत्याही अहवालाची मुदत संपत नाही, असा आठवड्यातला एक पूर्ण दिवस विद्यार्थ्याला किती आधार देतो हेही हळूहळू कळत गेले. येथे पदवीला असताना रात्ररात्र जागून आम्ही जो अभ्यास केला, त्याच्याशी मी ताडून पाहते तेव्हा मला त्या शनिवारांची आठवण येते.

धर्माच्या विषयातून मी जैवनीतिशास्त्र, म्हणजे वैद्यकातल्या नैतिक प्रश्नांचा अभ्यास, निवडले, कारण त्यात धर्म सर्वांत कमी असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात माझ्या संपूर्ण शिक्षणातला सर्वांत कस लावणारा विषय तोच ठरला. याच विद्यापीठाच्या रुग्णालयात 1984 साली डॉ. लिओनार्ड बेली यांनी हृदयात जन्मजात गंभीर दोष असलेल्या एका नवजात मुलीला बबून माकडाचे हृदय बसवले होते. 'बेबी फे' या नावाने जगभर ओळखले गेलेले ते बाळ शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन आठवडे जगले. आईवडिलांना पुरेशी माहिती देऊन संमती घेतली होती का, मानवी हृदय शोधायला हवे होते का, त्या प्राण्याच्या जिवाचे काय, असे प्रश्न तेव्हा जगाने विचारले होते. संस्थेच्याच वर्गात, संस्थेच्याच शस्त्रक्रियेवर, आम्ही तेच प्रश्न कित्येक तास चर्चिले. बाजू कोणतीही घ्या, पण कारणे द्या, एवढीच अट होती. डॉ. बेली पुढच्याच वर्षी नवजात अर्भकात मानवी हृदयाचे यशस्वी प्रत्यारोपण करू शकले हेही आम्ही शिकलो आणि त्यामुळे आधीच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न सुटतो का, यावर पुन्हा वाद घातला.

पोषणशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी लोमा लिंडाचे खरे आकर्षण तेथील ॲडव्हेंटिस्ट लोकांच्या आरोग्याचा अभ्यास हे आहे. या पंथात दारू-तंबाखूचे प्रमाण अगदी कमी आहे, पण आहार सर्वांचा एकसारखा नाही. 2002 साली सुरू झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात अमेरिका व कॅनडातील सुमारे 96,000 लोक सहभागी झाले. त्यांतले जवळजवळ निम्मे मांसाहारी होते, तर उरलेल्यांत दूध-अंडी खाणारे, मासे खाणारे, क्वचित मांस खाणारे आणि प्राणिज पदार्थ पूर्ण टाळणारे असे गट होते. व्यसनाचा फरक जवळजवळ वगळलेला आणि आहाराचा फरक मात्र शाबूत, असा एवढा मोठा समूह संशोधकाला सहजी मिळत नाही. आधीच्या अभ्यासातून कॅलिफोर्नियातील ॲडव्हेंटिस्ट पुरुष तेथील इतर पुरुषांपेक्षा सरासरी 7.3 वर्षे आणि स्त्रिया 4.4 वर्षे अधिक जगतात असे दिसले होते. आठवड्यातून अनेकदा बदाम-अक्रोडासारखी कठीण कवचाची फळे खाणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळतो, हा 1992 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्षही याच अभ्यासमालिकेतला आहे. त्या खाण्यात शेंगदाण्याचा वाटा मोठा होता. महागडे बदाम परवडत नाहीत म्हणून खंतावणाऱ्या माझ्या रुग्णांना हे मी आवर्जून सांगते.

पहिल्याच महिन्यात मी वर्गात विचारले होते की संशोधन करणारे त्याच पंथाचे, ज्यांच्यावर संशोधन होते तेही त्याच पंथाचे, मग निष्कर्षावर बाहेरच्याने विश्वास का ठेवावा? कोल्हापुरातून निघताना मनात जी धास्ती होती तीच या प्रश्नातून बोलत होती. प्राध्यापकांनी माझा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि पुढचे दोन तास त्यालाच दिले. पैसा कोणाचा आहे (या अभ्यासाला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे अनुदान मिळालेले आहे), मृत्यूची नोंद कोठून घेतली, नियमित उपासनेला जाणाऱ्यांना मिळणारा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आधार आणि आहार यांचे परिणाम वेगळे कसे काढायचे, आणि जे वेगळे काढता येत नाही ते कोणत्या शब्दांत कबूल करायचे, हे सारे त्या दिवशी आम्ही शिकलो. संशोधनपर लेख कसा वाचावा हे मला त्या दोन तासांनी शिकवले.

रुग्णालयातील प्रशिक्षणाबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण धर्मांतराची शंका घेणाऱ्यांचा रोख बहुधा तिकडेच असतो. रुग्णाच्या शरीराबरोबर त्याचे मन, कुटुंब आणि श्रद्धा यांचीही विचारपूस करायची, असा तेथे आग्रह आहे. मात्र रुग्णाने होकार दिल्याखेरीज प्रार्थनेचा शब्दही काढायचा नाही, हे आम्हांला बजावले जाई. एका वृद्ध मेक्सिकन बाईंनी मला "तू माझ्यासाठी प्रार्थना करशील का?" असे विचारले तेव्हा मी गोंधळले. माझा देव वेगळा आहे असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, "मग तुझ्या देवाला सांग." मी डोळे मिटून अंबाबाईचे स्मरण केले. पर्यवेक्षिका बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी नंतर त्याबद्दल एक अक्षरही काढले नाही आणि पुढच्या रुग्णाचा कागद माझ्या हातात दिला.

या शिक्षणाचा उपयोग मला येथे रोज होतो. पूर्वी मधुमेहाच्या रुग्णाला मी "नवरात्राचे उपवास करू नका" असे सांगून मोकळी होत असे. बहुतेक जण मान डोलावत, उपवास करत आणि साखर घसरल्यावर किंवा साबुदाण्याने वाढल्यावर परत येत. आता घरात कोणते वार पाळले जातात, जोतिबाचा रविवार आहे का, नवरात्र नऊ दिवसांचे की उठता-बसता, रोजे धरणार आहात का, हे मी पहिल्याच भेटीत विचारते आणि डॉक्टरांशी बोलून औषधाच्या व खाण्याच्या वेळा महिनाभर आधी ठरवून घेते. माणूस जे श्रद्धेने पाळतो ते आहारतज्ज्ञाच्या सांगण्यावरून सोडत नाही. तेव्हा त्याला धरूनच पुढे जावे लागते.

असल्या संस्था आपल्याला परक्या आहेत असेही नाही. सर विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेत उभारलेल्या मिशन हॉस्पिटलात दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतली माणसे बरी होऊन आली आहेत. माझ्या आजीचे पोटाचे ऑपरेशन तेथेच झाले आणि ती जन्मभर तेथल्या सिस्टरांची आठवण काढत असे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर जागा मिळाली तर आपण पेढे वाटतो. शाहू महाराजांनी तर याच शहरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करून दिली. शिक्षण देणाऱ्या संस्थेला धर्म असू शकतो, हे कोल्हापूरला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.

माझी आपणांस विनंती आहे की पुरवणीत विद्यापीठाचे नाव, शुल्क आणि अर्जाची तारीख यांच्या जोडीला तेथे शिकून आलेल्यांचे अनुभवही सविस्तर छापावेत, आणि त्यात गैरसोयी गाळू नयेत. आमच्यातल्या काही जणांना तेथे एकटेपणा वाटला, काहींना शाकाहार सोसला नाही, एका मैत्रिणीने तर पहिल्या वर्षानंतर विद्यापीठ बदलले. त्यांचेही बोलणे वाचकांपुढे यावे. प्रवेशाचे सल्लागार असोत की महाविद्यालयांतील मार्गदर्शन कक्ष, त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या हाती नियमपुस्तिका द्यावी.

कागलच्या त्या गृहस्थांना मी दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन यायला सांगितले. तिच्या विद्यापीठाची नियमपुस्तिका आम्ही तिघांनी मिळून पहिल्या पानापासून वाचली. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर अकराव्या पानावर मिळाले : कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला प्रवेश आहे आणि आपला धर्म पाळण्याची मोकळीक आहे. मुलगी मात्र पुढे वाचत राहिली. संध्याकाळी तिने विद्यापीठाला पत्र पाठवून तीन गोष्टी विचारल्या : धर्मविषयक अभ्यासाचे शुल्क शिष्यवृत्तीत धरले आहे का, साप्ताहिक उपासनेला प्रशिक्षणाच्या कामामुळे हजर राहता आले नाही तर काय होते, आणि शनिवारी प्रयोगशाळा बंद असेल तर प्रबंधाचे प्रयोग कोण सांभाळते. उत्तर आले की ती मला कळवणार आहे.

आपली विश्वासू,
एक आहारतज्ज्ञ,
राजारामपुरी, कोल्हापूर